खाऱ्या तळ्याचा वाटा

उपवासकाळाच्या चौथ्या आठवड्यात, मंगळवारच्या मिस्सेत, यहेज्केल संदेष्ट्याच्या पुस्तकातलं एक वाचन असतं. मंदिराच्या उंबरठ्याखालून पाणी निघतं, पुढे त्याची नदी होते आणि ती खाऱ्या समुद्राला जाऊन मिळते. हा खारा समुद्र म्हणजे आज आपण ज्याला मृत समुद्र म्हणतो तो. नदी पोचते तिथलं पाणी गोडं होतं, मासे येतात, काठावर झाडं वाढतात. यंदा हे वाचन करायची पाळी माझ्यावर आली. आदल्या रात्री सराव म्हणून घरचं बायबल उघडलं, तेव्हा दिसलं की मिस्सेत नवव्या वचनानंतर थेट बारावं वाचतात. मधली दोन गाळलेली आहेत. त्यांतलं अकरावं वचन सांगतं, की तिथल्या दलदली आणि पाणथळी मात्र गोड्या होणार नाहीत. त्या मिठासाठी राखून ठेवल्या जातील.

वाचन नीट पार पडलं, पण ते गाळलेलं वचन डोक्यात राहिलं. एवढ्या मोठ्या चमत्कारात थोडं खारं पाणी मुद्दाम का राखून ठेवायचं? म्हणून मी मृत समुद्राबद्दल वाचायला लागले, आणि तिथून एकेक करत आटत चाललेल्या खाऱ्या सरोवरांची यादीच समोर आली. मृत समुद्राची पातळी दरवर्षी मीटरभराहून अधिक उतरते आहे, कारण जॉर्डन नदीचं पाणी वरच्या वर वळवलं जातं आणि खनिजं काढण्यासाठी खुद्द समुद्राचंही पाणी उपसलं जातं. मध्य आशियातला अराल, इराणमधलं उर्मिया, अमेरिकेतली ग्रेट सॉल्ट लेक, मोनो आणि ओवेन्स ही तळी ह्याच रांगेतली.

खरं सांगायचं तर सुरुवातीला मला वाटलं होतं, खारं तळं आटलं तर काय बिघडलं? ते पाणी ना पिता येतं, ना शेताला घालता येतं. हाच समज ह्या तळ्यांच्या मुळावर आला आहे. आणि त्यांना वाचवायचं म्हणजे नक्की काय करायचं, ह्याबद्दलही आपला समज चुकीचा असतो. खारं तळं वाचवणं म्हणजे ते गोडं करणं नव्हे. एकदा काठोकाठ भरून देणंही नव्हे. त्याची एक पातळी ठरवायची, आणि ती टिकण्यापुरतं पाणी नदीच्या वरच्या अंगाला राहणाऱ्यांनी दरवर्षी, न चुकता, खाली सोडायचं. बाकी सगळे उपाय ह्या दोन गोष्टींभोवती फिरतात. हे कसं, ते ह्या लेखात मांडते.

मिठागराचं गणित

आपल्या गोव्यातल्या वाचकांना हे समजायला सोपं आहे. पणजीहून रायबंदरला जाताना रस्त्याच्या कडेला मिठागरं दिसतात. भरतीच्या वेळी मानशीतून खाडीचं पाणी आत घ्यायचं, एका वाफ्यातून दुसऱ्या वाफ्यात फिरवायचं. ऊन-वाऱ्याने पाणी उडून जातं, मीठ खाली राहतं. खारं सरोवर हेही असंच एक मोठं मिठागर, फक्त त्याला पाणी बाहेर सोडायची मानस नाही. चारी बाजूंनी जमीन उंच, नद्या आत येतात आणि एकही बाहेर पडत नाही. पाणी जायला एकच वाट, ती म्हणजे वाफ. नदीचं पाणी आपण गोडं म्हणतो, पण त्यातही किंचित क्षार असतात. हजारो वर्षं ते येत राहिले, साठत राहिले, आणि तळं खारं झालं.

आता हिशेब बघा. समजा एका तळ्यात वर्षाला शंभर घागरी पाणी येतं आणि शंभर घागरींचीच वाफ होते. पातळी स्थिर राहील. वर कोणी तीस घागरी काढून घेतल्या, तर तळं एकदम आटत नाही. ते आकसत जातं. पृष्ठभाग लहान झाला की वाफही कमी होते. सत्तर घागरींचीच वाफ होईल एवढा पृष्ठभाग उरला, की तळं पुन्हा स्थिर होतं, पण खालच्या पातळीवर.

ह्या साध्या हिशेबातून तीन गोष्टी निघतात. एक, तळं सावकाश उतरतं. पाणी वळवणं आणि त्याचा परिणाम दिसणं ह्यांत कित्येक वर्षं जातात, म्हणून दोष नेहमी दुष्काळावर ढकलता येतो. दोन, तळं एकदा भरून दिल्याने काही साधत नाही. येणारं पाणी वाढलं नाही, तर भरलेलं पाणी वाफ होऊन परत जुन्याच पातळीवर येणार. तीन, पाणी कमी झालं तरी मीठ तेवढंच राहतं. म्हणजे उरलेलं पाणी आणखी खारं होतं.

ही तिसरी गोष्ट तिथल्या जिवांना भोवते. फार खाऱ्या तळ्यात सहसा मासे नसतात. पण शेवाळ असतं, शेवाळावर जगणारी नखाएवढी कोळंबी असते, क्षारमाशी असते, आणि ह्या दोघींवर जगणारे लाखो पक्षी असतात. दूरवर उडणाऱ्या पक्ष्यांना वाळवंटाच्या मध्ये थांबून पोट भरायला ही जागा लागते. स्पर्धा करायला मासे नाहीत, म्हणूनच कोळंबी आणि माशी इतकी माजते. पण त्यांच्या सहनशक्तीलाही हद्द आहे. खारेपणा वाढत गेला की आधी त्यांची वाढ खुंटते, मग अंडी कमी होतात, आणि शेवटी पक्षी उपाशी राहतात. उलट पाणी फार गोडं झालं, तरी ही साखळी तुटते. अशा तळ्याला खारेपणाही मापातच हवा असतो.

एकाच शहराची दोन तळी

सिएरा नेवाडा पर्वताच्या पूर्वेला, कॅलिफोर्नियात, एकमेकांपासून सुमारे दोनशे किलोमीटरवर दोन खारी तळी आहेत: दक्षिणेला ओवेन्स, उत्तरेला मोनो. दोघांचंही पाणी एकाच शहराने नेलं, लॉस एंजेलिसने. एकाचं काय झालं आणि दुसऱ्याचं काय व्हायचं टळलं, हे शेजारी शेजारी ठेवून बघितलं की बरंच कळतं.

ओवेन्स तळं एके काळी सुमारे २८० चौरस किलोमीटर होतं. १८७० च्या दशकात त्यावरून वाफेची बोट चालायची आणि पलीकडच्या डोंगरातल्या खाणीची चांदी वाहून न्यायची. १९१३ साली लॉस एंजेलिसने सुमारे पावणेचारशे किलोमीटर लांबीचा कालवा बांधून पूर्ण केला आणि ओवेन्स नदी शहराकडे वळवली. १९२० च्या दशकात तळं कोरडं पडलं. तेव्हा ही वाखाणण्यासारखी कामगिरी मानली गेली, आणि एका अर्थाने ती होतीही. शहर त्या पाण्यावर वाढलं.

मग धूळ सुरू झाली. खाऱ्या तळ्याचा तळ शेतासारखा नसतो. वर मिठाचा पापुद्रा धरतो. हिवाळ्यात थंडी आणि ओल ह्यांमुळे तो फुगून भुसभुशीत होतो, आणि वारा सुटला की पिठासारखा उडतो. त्या धुळीत आर्सेनिकसारखे घातक घटकही असतात. श्वासातून फुप्फुसात खोलवर जाणाऱ्या बारीक धुळीचा अमेरिकेतला सगळ्यांत मोठा एकच एक उगम म्हणून ओवेन्सचं नाव अनेक वर्षं घेतलं जाई. काठावरच्या छोट्या गावांनी आणि तिथल्या मूळ रहिवासी पायूट लोकांनी हे कित्येक पिढ्या सोसलं. शहर तर लांब होतं.

शेवटी हवेच्या कायद्यापुढे शहराला नमावं लागलं, आणि २००० नंतर धूळ बसवायचं काम सुरू झालं. त्यात तीन मुख्य पद्धती आहेत. पहिली, तळाच्या काही भागावर इंच-दोन इंच पाणी पसरून ठेवायचं. दुसरी, खाऱ्या जमिनीत तग धरणारं गवत लावून त्याला ठिबकने पाणी द्यायचं. तिसरी, सरळ खडी पसरायची. पुढे पाणी वाचवण्यासाठी खोल नांगरट करून मोठी ढेकळं उभी करण्याची पद्धतही वापरात आली, कारण खडबडीत जमिनीवर वाऱ्याचा जोर तुटतो. धूळ खूप कमी झाली. उथळ पाणी पसरलं तिथे पक्षीही परतले. पण आतापर्यंत खर्च दोन अब्ज डॉलरच्या वर गेला आहे आणि काम संपलेलं नाही, संपणारही नाही. पाणी थांबवलं की धूळ परत उठणार. ज्या तळ्यातून शहराने पाणी नेलं, त्याच्याच तळावर आज त्याला पाणी शिंपडत बसावं लागतं, आणि एवढं करूनही तळं परत मिळालेलं नाही.

मोनोची गोष्ट वेगळी झाली, पण थोडक्यात. १९४१ साली शहराने कालवा आणखी उत्तरेला नेऊन मोनोला मिळणारे ओढे वळवले. तेव्हा तळ्याची पातळी समुद्रसपाटीपासून ६,४१७ फूट होती. १९८२ पर्यंत ती ६,३७२ फुटांवर आली. पाणी निम्मं झालं, खारेपणा साधारण दुप्पट झाला. १९७९ साली नेगिट नावाचं बेट उघड्या पडलेल्या जमिनीने किनाऱ्याला जोडलं गेलं, कायोटी चालत बेटावर पोचले आणि तिथे घरटी करणारे हजारो कुरव पक्षी बेट सोडून गेले. मोनोचे फोटो तुम्ही पाहिले असतील: पाण्यातून वर आलेले चुनखडीचे पांढरे सुळके. तळाशी असलेल्या झऱ्यांतलं कॅल्शियम आणि तळ्याच्या पाण्यातलं कार्बोनेट एकत्र येऊन ते पाण्याखाली तयार होतात. ते आज उघडे दिसतात ते पाणी उतरल्यामुळे. आपण ज्याचे सुंदर म्हणून फोटो काढतो, ते नुकसानीचं माप आहे.

इथे विद्यार्थी येतात. १९७६ साली पदवीच्या वर्गातल्या काही विद्यार्थ्यांनी मिळून तळ्याचा अभ्यास केला: कोळंबी किती, माशी किती, पक्षी किती, खारेपणा आणखी वाढला तर काय होईल. त्याआधी ह्याची एकत्र मांडणी झालेली नव्हती. त्या गटाशी जोडलेले डेव्हिड गेन्स ह्यांनी १९७८ मध्ये मोनो लेक कमिटी स्थापन केली, आणि पुढच्या वर्षी प्रकरण न्यायालयात गेलं. माझ्या वयाच्या मुलामुलींनी मोजलेले आकडे त्या लढ्याच्या मुळाशी होते, हे वाचून मला फार बरं वाटलं.

१९८३ मध्ये कॅलिफोर्नियाच्या सर्वोच्च न्यायालयाने निकाल दिला. त्याचा गाभा असा: पाण्यासारख्या गोष्टी राज्याकडे जनतेच्या वतीने विश्वस्त म्हणून असतात. पाणी वापरायचा परवाना एकदा दिला म्हणून राज्याची जबाबदारी संपत नाही. तळ्याचं काय होतंय हे बघून तो परवाना पुन्हा तपासता येतो. ह्या विचाराचं मूळ जुन्या रोमन कायद्यात आहे, ज्यात हवा, वाहतं पाणी आणि समुद्रकिनारा सगळ्यांचा मानला होता. आपल्याशीही त्याचा थेट संबंध आहे. हिमाचलातल्या बियास नदीचा प्रवाह वळवल्याच्या प्रकरणात, म्हणजे एम. सी. मेहता विरुद्ध कमलनाथ ह्या खटल्यात, भारताच्या सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर १९९६ मध्ये हेच विश्वस्ताचं तत्त्व आपल्या कायद्याचा भाग असल्याचं सांगितलं. ते सांगताना न्यायालयाने मोनो तळ्याच्या निकालाचा आधार घेतला होता.

पण निकालाने तळं भरत नाही. आकडा लागतो. तो १९९४ मध्ये ठरला: ६,३९२ फूट. मूळची ६,४१७ ही पातळी कोणी परत मागितली नाही. बेटं शिकारी जनावरांपासून सुरक्षित राहावीत, धूळ उडणारा तळ बराचसा झाकला जावा, कोळंबीला झेपेल एवढाच खारेपणा असावा, आणि ते प्रसिद्ध सुळके पूर्ण बुडूही नयेत, असा सगळा विचार करून काढलेला तो मधला आकडा आहे. त्याला पायऱ्याही जोडल्या आहेत: पातळी ६,३७७ फुटांच्या खाली असेल तर शहराने काहीच पाणी न्यायचं नाही, वर गेली तर थोडं, आणखी वर गेली तर जरा जास्त.

मग शहराची तूट कशी भरायची? इथला एक तपशील मला विशेष आवडला. पूर्व लॉस एंजेलिसमधल्या, सांता इसाबेल पॅरिशचं नाव लावणाऱ्या, मातांच्या एका संघटनेने आपल्या गरीब वस्त्यांत घरोघरी कमी पाणी लागणारे फ्लशचे संडास बसवण्याची मोहीम चालवली. शेकडो किलोमीटर दूरच्या तळ्याला पाणी मिळावं म्हणून शहरातल्या मोऱ्या बदलल्या गेल्या. लोकसंख्या वाढूनही त्या शहराचा एकूण पाणीवापर आज १९७० च्या दशकापेक्षा जास्त नाही.

हे सगळं होऊनही, वीस वर्षांत गाठायचा तो आकडा तीस वर्षांनंतरही गाठलेला नाही. तळं वाचलं आहे, बरं झालेलं नाही. कोरडी वर्षं आली की पातळी अडखळते आणि शहराने किती पाणी न्यावं ह्यावर वाद परत सुरू होतो. तरीही आकडा कागदावर असल्यामुळे निदान कमी किती पडतंय ते बोलता येतं. ओवेन्सच्या वेळी असा आकडा कोणी मांडलाच नव्हता.

अर्धं वाचवायचं की सगळं घालवायचं

अरालची गोष्ट ह्याहून कठोर आहे. १९६० मध्ये हे जगातलं चौथ्या क्रमांकाचं सरोवर होतं, सुमारे ६८,००० चौरस किलोमीटर. म्हणजे गोव्याच्या अठरा पटींहून मोठं. सोव्हिएत काळात अमू दर्या आणि सिर दर्या ह्या त्याच्या दोन्ही नद्या कापसाच्या शेतीकडे वळवल्या गेल्या. १९८० च्या दशकात मासेमारी बंद पडली, आणि त्याच दशकाच्या शेवटी सरोवराचे दोन तुकडे झाले: उत्तरेचा लहान अराल कझाकस्तानात, दक्षिणेचा मोठा तुकडा बहुतेक उझबेकिस्तानात.

अख्खं सरोवर परत आणायचं तर दोन्ही नद्यांवरची शेती जवळजवळ थांबवावी लागली असती. कझाकस्तानने वेगळा निर्णय घेतला. सिर दर्याचं जेवढं पाणी पोचतं, तेवढ्यात लहान अराल टिकू शकतो; पण ते पाणी दक्षिणेकडे वाहून जाऊन उघड्या वाळवंटात आटत होतं. म्हणून दोन तुकड्यांमध्ये बंधारा घालायचा. १९९० च्या दशकात स्थानिकांनी वाळूचे बांध घातले, ते फुटले. मग जागतिक बँकेच्या कर्जाच्या मदतीने १३ किलोमीटर लांबीचा कोक-अराल बंधारा २००५ मध्ये पूर्ण झाला. नदीचं पात्रही वरपर्यंत दुरुस्त केलं. वर्षाच्या आतच पातळी ४२ मीटरवर आली. खारेपणा उतरला, गोड्या पाण्यातले मासे नदीतून परत सरोवरात आले, आणि जी गावं ओस पडत चालली होती तिथे पुन्हा जाळी विणली जाऊ लागली.

ह्याची दुसरी बाजू सांगायलाच हवी. बंधाऱ्याच्या दक्षिणेला जे होतं ते सोडून दिलं गेलं. २०१४ मध्ये मोठ्या अरालचं पूर्वेचं खोरं पूर्ण कोरडं झालं. मोयनाक ह्या जुन्या बंदरात आज गंजलेल्या बोटी वाळूत उभ्या आहेत. त्या तळावर, ज्याला आता अरालकुम वाळवंट म्हणतात, साक्सॉल नावाची झुडपं लावून धूळ धरून ठेवायचा प्रयत्न चालू आहे. एका बाजूला तळं परत आलं, दुसऱ्या बाजूला ओवेन्ससारखा कायमचा पहारा मागे राहिला.

वाचवलेलं पाणी जातं कुठे?

अमेरिकेतल्या युटा राज्यातली ग्रेट सॉल्ट लेक नोव्हेंबर २०२२ मध्ये आजवरच्या सर्वांत खालच्या पातळीला गेली. गंमत म्हणजे, १९८७ मध्ये ह्याच सरोवराचं पाणी वाढून रेल्वे आणि रस्ते बुडायला लागले, म्हणून राज्याने सहा कोटी डॉलर खर्चून प्रचंड पंप बसवले होते आणि पाणी शेजारच्या वाळवंटात सोडलं होतं. पंचवीस-तीस वर्षांच्या हिशेबात अशी सरोवरं दोन्ही टोकांना जाऊ शकतात. म्हणून एकदोन ओल्या वर्षांवर भुलून चालत नाही. उर्मियाचं तेच झालं: २०१९ च्या मोठ्या पावसानंतर पाणी चढलं, लोकांना वाटलं सुटलो, आणि २०२३ पर्यंत सरोवर परत जवळजवळ कोरडं पडलं.

युटात सर्वांत जास्त पाणी शेतीला जातं, त्यातही जनावरांच्या लसूणघासाला. कोणीही म्हणेल, मग ठिबक लावा, पाणी वाचेल. इथे एक फसवणूक लपलेली आहे. शेतकऱ्याने पाणी वाचवलं आणि त्याच पाण्यावर आणखी दोन एकर लावले, तर तळ्याला काहीच मिळालं नाही. उलट पूर्वी शेतातून झिरपून नदीत जायचं, तेही थांबतं. वाचवलेलं पाणी तळ्यापर्यंत पोचेल अशी कायद्याने वाट करून द्यावी लागते.

जुन्या कायद्यात अडचण अशी, की पाणी शेताला किंवा नळाला लावलं तरच तो वापर. नदीतच राहू दिलं, तर आपला हक्क जाईल ही भीती. युटाने २०२२ मध्ये कायदा बदलला आणि शेतकऱ्याला आपल्या हक्काचं पाणी हक्क न गमावता सरोवरासाठी भाड्याने द्यायची वाट मोकळी केली. शेतकऱ्यावर नुसता दोष न टाकता त्याला मोबदला द्यायची ही पद्धत मला न्यायाची वाटते, कारण पाणी सोडायचा भार शेवटी कोणत्या तरी घरावरच पडतो.

आणखी एक उपाय तिथे झाला. १९५९ साली बांधलेल्या रेल्वेच्या भरावाने हे सरोवर दोन भागांत विभागलं आहे. उत्तरेचा भाग कमालीचा खारा, दक्षिणेचा कमी. भरावाला एक खिडकी आहे. पाणी फार उतरल्यावर खिडकीतला दगडी उंबरा उंच केला, म्हणजे उत्तरेचं खारं पाणी दक्षिणेत येणार नाही आणि तिथली कोळंबी तगेल. आपल्या खाजनातल्या मानशीचं काम ओळखणाऱ्याला ही युक्ती लगेच समजेल. त्या कोळंबीशी आपलं नातंही आहे. तिची वाळवलेली अंडी जगभर पाठवली जातात, आणि आपल्या देशातल्या कोळंबी-बीज केंद्रांतही पिल्लांना त्यांचाच चारा मिळतो. ह्या बाजारात ग्रेट सॉल्ट लेकचा वाटा मोठा आहे.

आपल्या जवळ

भारतातलं सर्वांत मोठं अंतर्भागातलं खारं सरोवर म्हणजे राजस्थानातलं सांभर. त्याला मिळणाऱ्या नद्यांवर जागोजागी बंधारे झाले, आणि खारं पाणी उपसायला विहिरी खोदल्या गेल्या. नोव्हेंबर २०१९ मध्ये तिथे बॉट्युलिझमने हजारो स्थलांतरित पक्षी मेले, तेव्हा ते सरोवर काही दिवस बातम्यांत आलं. महाराष्ट्रात बुलढाण्याचं लोणार आहे, उल्कापाताने झालेल्या विवरातलं. जून २०२० मध्ये त्याचं पाणी गुलाबी झालं. पाणी कमी आणि क्षार जास्त झाल्याने मिठात वाढणारे सूक्ष्मजीव फोफावले होते, असं पुण्याच्या आगरकर संस्थेच्या तपासणीत आढळलं. दोन्ही रामसर यादीत आहेत. यादीत नाव असणं चांगलंच, पण मोनोची गोष्ट सांगते की नावापुढे पातळीचा आकडाही लागतो.

आणखी एक शब्द आपल्या भाषेतला. म्हादईवर बोलताना खानापूर-बेळगावकडेही आणि गोव्यातही मी "समुद्रात वाया जाणारं पाणी" असं ऐकलं आहे. ओवेन्सच्या आणि अरालच्या नद्यांबद्दलही हीच समजूत होती, की तळ्याला जातं ते फुकट जातं. कोणाची बाजू बरोबर हे मी इथे ठरवत नाही. एवढंच म्हणते, की पाणी "वाया जातं" असं म्हणण्यापूर्वी ते जिथे जातं तिथे काय जगतं हे आधी कोणीतरी मोजलेलं असावं.

म्हणून पुढे कुठल्याही खाऱ्या तळ्याच्या पुनरुज्जीवनाची घोषणा वाचली, तर चार प्रश्न विचारून बघा. पातळी किती ठरवली आहे? त्या पातळीला खारेपणा किती राहील, आणि तो तिथल्या जिवांना मानवेल का? दरवर्षीचं पाणी कोणाच्या वाट्यातून येणार, आणि त्याला मोबदला काय? जेवढा तळ उघडाच राहणार, त्याच्या धुळीची जबाबदारी कोणाची? ह्या चारांची उत्तरं नसतील, तर काठावर बाग आणि बोटिंग होईल, तळं होणार नाही.

पुढच्या वर्षी ते वाचन परत येईल आणि अकरावं वचन परत गाळलं जाईल. मी मात्र ते घरी वाचून जाईन. सगळं पाणी गोडं करायचं नसतं, थोडं मिठासाठी ठेवावं लागतं, हे आता मला पटलं आहे.